आठ इंचाची थाळी

पुजा पहिल्यांदा ड्रमवर बसली त्या दिशी आमच्या तांड्यातल्या सतरा कोंबड्यांनी एकाच टायमाला अंडी घातली. तालात. खोटं वाटत असंल तर शेषरावला इचारा. शेषराव जाऊन दोन वर्सं झाली ही गोष्ट येगळी, पण असता तर त्यानं हेच सांगितलं असतं. कोंबड्या त्याच्याच व्हत्या.

मी पारुबाई. आमचा तांडा कळमनुरीपासून तासाभराच्या आत हाय, माह्या पायानं. तुमच्या पायाचं मला ठाऊक न्हाई. पुजा माही नात, थोरल्याची लेक. थोरला अन् सून पुण्याकडं कामाला गेलेत, पोरगी माह्यापाशी ऱ्हाती अन् कळमनुरीला कॉलेजात जाती. धाकटा लेक देविदास. त्याची बँजो पार्टी हाय. वरातीच्या पुढं टेम्पोवर बसून वाजवायची मंडळी. एक बँजोवाला, एक कीबोर्डवाला, दोन ढोलवाले, माणसाच्या उंचीचे दोन आवाजाचे बॉक्स, अन् एक ड्रमसेट.

ड्रमसेटवर उकंडराव बसायचा. दुपारच्याला पार्टीवाले जेवून झोपले की पुजा गुपचूप सामानाच्या कोठ्यात शिरायची अन् काड्या हातात घ्यायची. तीन वर्सं. देविदासला समदं ठाऊक व्हतं. कोणी इचारलं तर म्हणायचा, "उंदीर लई झालेत कोठ्यात." मी म्हणायची, "उंदीर चांगला ठेका धरून राहिला रे, देविदास." तो पाय आपटत निघून जायचा.

मंग उकंडरावला चाकणला कंपनीत काम लागलं अन् तो गेला. जायच्या आधी शेवटच्या वरातीत पिऊन असा वाजवला, की स्प्लॅश फोडून गेला.

स्प्लॅश म्हणजे काय ते सांगते, मला बी आधी ठाऊक नव्हतं. ड्रमच्या भवती पितळी थाळ्या लटकवलेल्या असतात ना, त्यातली ही समद्यात लहान. ताटलीयेवढी. बाकीच्या थाळ्या ठेका धरतात न्हाईतर गरजतात. ही मधीच एकदा चिस्स करून बोलती अन् गप बसती. नाचणारं माणूस तेवढ्या वक्ताला मान वळवून बगतंच. कोण बोललं, म्हणून.

पुढल्या ऐतवारी भीमसिंगच्या पोराची वरात व्हती. भीमसिंग शेजारच्या तांड्याचा नायक. देविदासनं त्याला शब्द दिलता. अन् ड्रमवर बसायला माणूस न्हाई. देविदासनं वसमतपस्तोर फोन लावले, समदे वाजवणारे आधीच गुंतलेले. बुधवारी सांजच्याला चुलीपाशी येऊन बसला अन् पुजाकडं न बगता म्हणला, "ऐतवारी वाजवशील का?"

"वाजवीन की, काका."

"माहं ऐकायचं मातर. बॉक्सच्या मागं बसायचं. तोंडाला ओढणी बांधायची. अन् साधा ठेका धरायचा, जास्तीची चमक न्हाई पायजे."

पुजा भाकरी थापून राहिली व्हती. थापताथापताच म्हणली, "स्प्लॅश नवा लागंल, काका."

"स्प्लॅश कशाला आता? त्याच्यानंच तर लोकं वळून बगतेत."

"म्हणूनच लागंल."

देविदास माह्याकडं वळला. "याडी, सांग हिला." आमच्यात आईला याडी म्हणतात. बारा बैलांची ताकद असलेला माणूस बी अडला की याडीलाच हाक मारतो.

म्या म्हणलं, "सांगते. पुजे, उद्या सकाळच्या गाडीनं हिंगोलीला जाऊ. स्प्लॅश घेऊन येऊ."

"याडी!"

"पैसे माहे हायेत, तुहे न्हाईत. अन् तुह्या बॉक्सच्या मागं काय हाय ते मला बगायचं हाय. आजवर तिथं दारूच्या बाटल्या दिसल्या, पोरगी दिसली न्हाई."

तो न जेवताच उठला. मंग अर्ध्या तासानं येऊन जेवला.

गाडीत कंडक्टरनं वय इचारलं. म्या म्हणलं, एकशेचार. त्यानं आधारकार्ड पाहिलं अन् म्हणला, "आजी, इथं शहात्तर लिवलंय." म्या म्हणलं, "सरकारला समदं थोडीच सांगतात, बाळा?" गाडी हसली. पुजा खिडकीकडं तोंड करून बसलेली, मांडीवर बोटांनी ठेका धरून. हसली न्हाई. तवा माह्या ध्यानात आलं, की पोरगी आतून पेटलीये.

हिंगोलीत ओमप्रकाशचं दुकान हाय, वाजवायच्या सामानाचं. हळदीच्या पोत्यांचे टेम्पो जातात त्या रस्त्यावर, त्याच्यामुळं दुकानातल्या ढोलकीवर बी पिवळी धूळ. आमी पायरी चढलो तसा ओमप्रकाश उठला.

"आओ माँजी. भजनाचे टाळ पायजेत का?"

"टाळ न्हाई. स्प्लॅश दाखवा."

त्यानं आमच्या मागं पाहिलं, कोणी तिसरं हाय का म्हणून. "वाजवणारा कुठं हाय? त्याला पाठवा ना. हे ज्याच्या त्याच्या पसंतीचं काम असतंय."

"वाजवणारी ही काय. उभी हाय."

"लडकी?" त्यानं पुजाला वरून खाली पाहिलं. "शौक म्हणून का?"

"ऐतवारी वरात हाय," पुजा म्हणली. "आठ इंची असंल तर आठ दाखवा, दहा असंल तर दहा. बारा बी दाखवा."

ओमप्रकाशनं तीन थाळ्या गल्ल्यावर मांडल्या. पहिली दहाची, सोन्यावानी लखलखती, तिच्यात मला माह्या नाकातली फुली दिसली. दुसरी बाराची, जाड, वजनदार. तिसरी आठची, काळपट, पातळ, अंगावर हातोडीचे बारीक ठोके, कडेला धूळ. ती त्यानं अशी मांडली जसा पंगतीत उशिरा आलेला पाव्हणा.

"ही घ्या," त्यानं लखलखती पुढं सरकवली. "समदे हीच नेतात. आवाज ऐका." नखानं टिचकी मारली. झाँऽऽऽ. गोड व्हता आवाज. लांबच लांब. पुजाचे डोळे जरा चमकले.

"काडीनं वाजवून बगते," पुजा म्हणली.

"ना ना. डाग पडतेत. नखानं बगा."

म्या म्हणलं, "ओमप्रकाशशेठ, तुमी म्हैस घेता तवा धार काढून बगता का शिंगाला टिचकी मारून?"

"माँजी, मी म्हैस घेत न्हाई."

"तरीच."

"हे बगा, बिना घेता कोणालाच वाजवू देत न्हाई. अन् मुलगी हाय, हात जोरात बसला, थाळी फुटली—"

"मुलीचा हात जोरात बसतो हे तुमाला कोणी सांगितलं?" पुजा म्हणली. "आताच म्हणले, शौक हाय. शौकाच्या हातानं थाळी फुटती का?"

दुकानाच्या तोंडाशी ओमप्रकाशनं एक ड्रमसेट लोकांना दाखवायला मांडून ठेवलता. पुजा सरळ जाऊन त्याच्या स्टुलावर बसली. काड्या तिनं घरूनच आणल्या व्हत्या, ओढणीत गुंडाळून.

म्या म्हणलं, "थांब पुजे. इथं जवळ बसून काय कळणार? थाळी घ्यायची रीत असती."

अन् म्या ओमप्रकाशला रीत सांगितली. माह्या आज्याच्या बापाचा पाचशे बैलांचा तांडा व्हता. माही याडी तीनशे सांगायची, पण तिला मोजता येत नव्हतं. मीठ लादून, धान्य लादून मुलूखभर फिरायचे. बैलाच्या गळ्यात घंटी बांधायची तर ती एकटी वाजवून कवाच घ्यायचे न्हाईत. एकटी तर कोणचीबी गोड वाजती. नवी घंटी बैलाला बांधायची, समदी बैलं एकदम हाकायची, धूळ उडू द्यायची, कुत्री भुकू द्यायची, अन् घेणाऱ्यानं जाऊन समोरच्या टेकडीवर बसायचं. त्या समद्या गलक्यातून जी घंटी टेकडीवर पोचली, ती घ्यायची. आमच्या पुढल्या बैलाची घंटी तर अशी व्हती, की बैल औंढ्याच्या उतारावर असला तर निजामाच्या महालातला पहारेकरी दार उघडून उभा ऱ्हायचा, पाव्हणे आले म्हणून.

"औंढ्याहून हैदराबाद?" ओमप्रकाश म्हणला.

"तवा मधी एवढ्या गाड्या नव्हत्या."

मी रस्ता ओलांडला अन् समोरच्या रसवंतीवर जाऊन बसले. तीच माही टेकडी. तिथून हात वर केला.

पुजानं आधी लखलखती लावली. मोठा बास ढोल, लहान स्नेअर, समदं एकदम सुरू केलं, वरातीचा ठेका, अन् चार चार मात्रांनी ती थाळी. रस्त्यावर हळदीचा टेम्पो अडकलेला, त्याच्या मागं रिक्षा, त्याच्या मागं एस.टी., समदे हॉर्न वाजवून राहिले. माह्या शेजारी उसाचा चरक करकर करून राहिला. लखलखती थाळी मला ऐकूच आली न्हाई. तिथं नुसतं झुळझुळ पाणी वाहतंय कुठंतरी, असं वाटलं. गलक्यात विरघळून गेली. सोनं काय कामाचं?

तवर दुकानापुढं माणसं जमली. "ए, पोरगी वाजवून राहिली बे!" कोणीतरी वरडलं. एक मोटरसायकलवाला गाडी उभी करून हसत म्हणला, "ताई, भांडे घासायचे राहिले का घरी?" पुजानं त्याच्याकडं पाहिलं बी न्हाई. ठेका दुप्पट केला. तो हसायचा थांबला अन् त्याचं डोकं आपोआप हलायला लागलं. पुजानं मधीच वाजवणं तोडलं. त्याचं डोकं हवेत अडकलं. "थांबलीस काहून?" म्हणला.

"थाळी बदलायची हाय. वरातीत या, दादा. तिथं पुरतं ऐका."

दुसरी लावली, बाराची जाड. टण्णऽऽऽ! चरकवाल्यानं चमकून मान वर केली. हॉर्न चिरून आली, टेम्पोवरून उडी मारून आली, सरळ माह्या कानात. अन् थांबायला तयार न्हाई. माह्या अंगावर काटा आला. अगदी घंटी.

तिसरी लावली, आठची काळपट. चिस्स. आली, पण बारीक. गेली बी. मी रस उरला तसाच ठेवून रस्ता ओलांडला.

"दुसरी," म्या म्हणलं. "बांधा."

"ही," पुजा म्हणली. तिच्या हातात आठची व्हती.

"अगं ती तर आली अन् गेली!"

"तेच तर पायजे."

"पुजे, मी टेकडीवर व्हते. तू इथं बसून काय ऐकणार? मला बराबर कळतं कोणची पोचली."

"पोचल्या दोन्ही. तूच म्हणतीस, ही बी आली."

"पण दुसरी टिकली!"

ओमप्रकाश मधी आला. "माँजी बराबर म्हणतात. बाराची मजबूत हाय. न्हाईतर आपली चमकवाली—"

"तुमी थांबा जरा," आमी दोघी एकदमच म्हणलो.

मला राग आला, खरं सांगते. देविदासशी भांडून मी आणलं, गाडीत मी आणलं, रीत मी सांगितली, अन् ही पोरगी मलाच शिकवून राहिली. म्या पिशवी काखेत दाबली अन् म्हणलं, "पैसे माहे. मी घेईन ती थाळी. घंटी कशी घ्यावी ते माह्या रगतात हाय."

पुजानं काड्या ओढणीत गुंडाळल्या. स्टुलावरून उठली. "मंग ऐतवारी तूच वाजव, दादी." अन् पायरी उतरून चालायला लागली. दुकानापुढची गर्दी बाजूला सरली. तो मोटरसायकलवाला म्हणला, "ताई, जाऊ नका ना."

मी दारात उभी. ओमप्रकाश म्हणला, "जाऊ द्या माँजी, पोरं अशीच असतात." त्यानं तसं म्हणलं अन् मला त्याचाच राग आला. काल देविदास असाच बोलला व्हता. बॉक्सच्या मागं बस, म्हणला. अन् मी आज काय करून राहिले? माहीच थाळी तिच्या गळ्यात बांधून राहिले.

"पुजे!" म्या रस्त्यावर हाक मारली. "जाऊ नको अन् रुसू नको. दाखव मला. काहून आठची?"

ती लगेच परतली न्हाई. थोडी उभी ऱ्हायली, पाठमोरी. मंग आली. बाराची थाळी लावली, स्टुलावर बसली, म्हणली, "दादी, आता थाळी ऐकू नको. थाळीच्या मागचा ठेका ऐक."

वाजवलं. टण्णऽऽऽ झाली, अन् तिच्या मागं पुजाचे हात दिसून राहिले पण आवाज कळेना. दोन मात्रा, तीन मात्रा त्या घंटीच्या पोटात गेल्या. मंग आठची लावली. चिस्स, अन् दार उघडून बंद झाल्यावानी गप. मागचा एकेक ठोका स्वच्छ. ज्वारी निवडून सुपात टाकल्यावानी. तिच्या मनगटाचं समदं काम मला पहिल्यांदा ऐकू आलं.

"घंटी बैल हरवू नये म्हणून व्हती," पुजा म्हणली. "त्याला दुसरं काय सांगायचंच नसायचं. मला सांगायचं हाय. लोकांनी एकदा वळून बगावं, अन् मंग मी काय वाजवते ते ऐकावं. थाळीच बोलत बसली तर मी कवा बोलू?"

मला पटलं. पण लगेच तसं म्हणायला मी काय येडी हाय? म्या आठची हातात घेतली, उलटी केली, वास घेतला, कडेला चावून पाहिली. ओमप्रकाश "अरे अरे" करत राहिला. मंग म्हणलं, "बांधा. कागदात न्हाई, कापडात."

"माँजी, ही कोणी नेत न्हाई, म्हणून सांगतो. दोन वर्सं पडून हाय."

"तिला घेणारी आज आली," पुजा म्हणली.

परतीच्या गाडीत पुजा हसली. मी रुसून बसले व्हते, कळमनुरी येईस्तोर. हक्क व्हता माहा.

ऐतवारी चार वाजता भीमसिंगच्या दारात टेम्पो लागला. देविदासनं सकाळीच ड्रमसेट चढवलता, दोन बॉक्सच्या मागं, केबिनला चिकटून. कोंबडं झाकावं तसा. पुजानं खालून पाहिलं. अंगावर नवी सलवार-कमीज, ओढणी कमरेला कसलेली, तोंड उघडं. हातात कापडात बांधलेली थाळी.

"चढ," देविदास हळूच म्हणला.

"बॉक्स हलवा, काका."

"पुजे, इथं तमाशा नको. ठरलं व्हतं."

"तुमी ठरवलं व्हतं. म्या फकस्त स्प्लॅश मागितला."

"लोकं काय म्हणतील? देविदासनं घरची पोरगी वरातीत बसवली, म्हणतील. तुह्या बापाला मी काय सांगू?"

"बाबाला म्या बुधवारीच फोन केलता. तो म्हणला, व्हिडिओ पाठव."

तेवढ्यात नवरदेवाचा बाप आला. भीमसिंग, फेटा बांधलेला, मिशीला तेल. "देविदास, काय लावलं हे? नवरदेव घोड्यावर बसून राहिला. वाजत काहून न्हाई?"

देविदासला घाम फुटला. मला लेकाची दया आली, अन् माही जीभ मला आवरत न्हाई. मी पुढं झाले. "नायक, जरा दम धरा. तुमचं भाग्य लई मोठं हाय. ही पोरगी नागपूरची. लई नावाजलेली ड्रमवाली. मंत्र्याच्या पोराच्या लग्नात वाजवून रेल्वेनं आली, एसीच्या डब्यात. बॉक्सच्या मागं बसायची तिला सवय न्हाई. तिथं बसवलं तर तिचे हात चालत न्हाईत, डाक्टरचं लिवून दिलेलं हाय."

भीमसिंगच्या मिशा वर गेल्या. "नागपूरची?"

देविदासनं माह्याकडं पाहिलं. त्याच्या डोळ्यात उजेड पडला. "व्हय, व्हय नायक! नागपूरची. तुमच्याकडच्या लग्नासाठी खास बोलावली."

"मंग आधी काहून बोलला न्हाईस? हलवा रे ते बॉक्स!" ढोलवाले उठले बी. काम झालं, म्या मनात म्हणलं. पारुबाई, तू शहात्तरची न्हाईस, एकशेचारचीच हायेस.

"मी नागपूरची न्हाई," पुजा म्हणली.

हळू न्हाई म्हणली. घोडं बी तिच्याकडं वळलं.

"मी पुजा. ह्या देविदासकाकाची पुतणी. शेजारच्या तांड्याची. आमच्याच कोठ्यात शिकले. अन् ही माही दादी. हिचं काय ऐकू नका."

ढोलवाल्यांनी अर्धवट उचललेला बॉक्स तसाच खाली ठेवला. देविदासनं डोळे मिटून घेतले. मला तर वाटलं, भुई फाटावी अन् ह्या पोरीला आत घ्यावं. इतकं चांगलं खोटं मला दहा वर्सांत सुचलं नव्हतं.

भीमसिंग म्हणला, "तांड्याची पोरगी? माह्या दारात, समद्या पाव्हण्यांपुढं, तांड्याची पोरगी ढोल बडवणार?"

"आताच तर हलवत व्हते बॉक्स," पुजा म्हणली. "नागपूरच्या पोरीचे हात येगळे असतात का, नायक?"

भीमसिंगनं मिशीवरून हात फिरवला. हो बी म्हणला न्हाई, नको बी म्हणला न्हाई. समदे त्याच्या तोंडाकडं बगत उभे. अन् पुजा उभी ऱ्हायली न्हाई. तिनं थाळी माह्या हातात दिली, टेम्पोवर चढली, बॉक्सच्या फटीतून आत शिरली अन् स्नेअर घेऊन खाली उतरली. दारापुढं, मधोमध मातीत ठेवला. परत चढली, हायहॅट म्हणजे ती थाळ्यांची जोडी आणली. परत चढली. बास मोठा, तो तिला एकटीला उतरेना. कोणी हललं न्हाई. म्या थाळी काखेत धरली अन् बासच्या खाली हात लावला. "दादी, कंबर," पुजा म्हणली. "गप," म्या म्हणलं. आमी दोघींनी तो उतरवला. अर्धा तर पाडलाच.

शेवटी तिनं स्प्लॅश माह्याकडून घेतला, स्टँडच्या टोकाला बसवला, चाकी आवळली. स्टूल ओढलं. बसली. घोड्याच्या पुढं, वाट अडवून.

अन् वाजवायला लागली.

आधी साधा ठेका. देविदासनं सांगितला व्हता तसाच. माणसं हाताची घडी घालून उभी. मंग एकदा, चिस्स.

समद्यांनी माना वळवल्या. अन् थाळी गप झाली, पण पुजाचे हात गप झाले न्हाईत. त्या गप झालेल्या जागेत तिनं काय काय भरलं ते मला सांगता येत न्हाई. अन् मला सांगता येत न्हाई असं म्या आजवर कवाच म्हणलं नव्हतं.

आमच्याकडच्या वरातीत टेम्पो अन् घोड्याच्या मधी पोरंच नाचतात, प्यालेली. बायका मागं, घोड्याच्या शेपटीमागं, डोक्यावर पदर घेऊन चालतात. पण आज वाजवणारी खाली मातीत बसलेली, अन् पोरं ताठ उभी, कोणी आधी हलावं म्हणून एकमेकाकडं बगत. नवरदेवाची बहीण शिला मागून पुढं आली. भीमसिंगच्या शेजारून आली, त्याच्याकडं न बगता. पुजासमोर येऊन उभी ऱ्हायली अन् ठेक्यावर टाळ्या वाजवायला लागली. तिच्या मागं तिच्या दोन भावजया. मंग मिराबाई, भीमसिंगची बायको, नवरदेवाची याडी, तिनं चपला काढल्या. गोल झाला. पुजा अन् तिचा ड्रमसेट मधी, बायका भवती.

भीमसिंगनं बायकोला हाक मारली. "मिरे!"

"मोठ्यानं बोला," मिराबाई नाचतनाचत म्हणली, "काही ऐकू येत न्हाई!"

तो फेटा सावरत उभा ऱ्हायला. मंग घोडेवाला म्हणला, "नायक, वरात निघायची का इथंच लग्न लावता?" तवा भीमसिंग देविदासवर वरडला, कारण दुसरं कोणी उरलं नव्हतं. "ए देविदास! बगत काय उभा? हे समदं टेम्पोवर चढव अन् चल पुढं! बायका दारातच नाचत ऱ्हातील का?"

देविदास पुढं आला. पुजानं वाजवणं थांबवलं. बायका घामाघूम, हसून राहिल्या. देविदासनं बास उचलला, एकट्यानं, अन् टेम्पोपाशी जाऊन थांबला. आत बॉक्सच्या मागं मोकळी जागा दिसत व्हती, केबिनला चिकटून. तो तिकडं बगत ऱ्हायला. मंग बास तसाच धरून मागं वळला.

"कुठं ठेवू?" त्यानं इचारलं.

पुजानं काडीनं दाखवलं. टेम्पोच्या मागच्या कडेला, फाळक्यापाशी, वरातीकडं तोंड करून.

ढोलवाल्यांनी दोन्ही बॉक्स उचलून केबिनपाशी नेले. देविदासनं बास ठेवला, त्याच्या पायाखाली वीट लावली, स्नेअर मांडला. मंग स्प्लॅश हातात घेतला. उलटसुलट केला. आठ इंच, काळपट.

"हा कोणत्या बाजूला लावतेत?" त्यानं इचारलं. "उकंडराव तर डावीकडं खाली लावायचा."

"मधी लावा, काका," पुजा म्हणली. "अन् जरा वर."

त्यानं मधी लावला. चाकी आवळली, पण कच्ची आवळली. पुजा चढली, तिनं ती सोडवली अन् आपल्या हातानं पक्की केली.